तीन ते चार, कुछ नहीं

आमच्या महोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत दरवर्षी दुसऱ्या दिवशी दुपारी तीन ते चार या वेळेपुढे ‘कुछ नहीं’ असं छापलेलं असतं. छापखान्यातून दरवर्षी मला फोन येतो, “मैडम, यहाँ कुछ छूट गया है.” मी सांगते, काही सुटलेलं नाही, तसंच छापा. पहिल्या वर्षी हाच फोन मी स्वतः काकांना केला होता.

“काका, तीन ते चार काय आहे?”

“काही नाही.”

“म्हणजे अजून ठरलं नाही?”

“ठरलंय. काही नाही, हे ठरलंय.”

“अहो, पण लोक तासभर करतील काय?”

“पुढचा बघेल,” काका म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मी एका कॉलेजच्या परीक्षा विभागात काम करते. वेळापत्रक हे माझं पोट आहे आणि स्वभावही. भाजीची यादीसुद्धा मी दुकानं ज्या क्रमाने लागतात त्या क्रमाने लिहिते. रिकामा रकाना दिसला की माझा हात आपोआप पेनकडे जातो. अशा बाईला काकांनी आपल्या ॲनिमेशन महोत्सवाचं वेळापत्रक सांभाळायला बसवलं, आणि वर त्यात एक तास रिकामा ठेवायला लावला. ‘पुढचा बघेल’ हे त्यांचं सगळ्यावरचं उत्तर होतं. प्रोजेक्टरवाला आला नाही, पुढचा बघेल. खुर्च्या कमी पडल्या, पुढचा बघेल. हा पुढचा म्हणजे बहुतेक वेळा मीच असायची.

काका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झालेले. मूळचे नागपूरकडचे, माझ्या वडिलांच्याच काळात नोकरीसाठी भोपाळला आलेले. त्या पिढीचं एक वाक्य ठरलेलं असायचं, रिटायर झालो की परत जायचं. कुणी नागपूरला प्लॉट घेऊन ठेवला होता, कुणी अमरावतीला. प्रत्यक्षात क्वार्टर सोडायची वेळ आली तेव्हा बहुतेकांनी इथेच, भोपाळातल्या अवधपुरीत नाहीतर अयोध्या नगरात घर बांधलं, आणि ‘परत’ हा शब्द चांदीच्या भांड्यांसारखा सणासुदीला काढायला ठेवून दिला. काका तर तो सणालाही काढत नसत. काकू काढायच्या.

ॲनिमेशनचं वेड त्यांना कुठून लागलं, ही गोष्ट ते दर महोत्सवात सांगायचे आणि दरवेळी नव्याने हसायचे. ड्रॉइंग ऑफिसात असताना एका झडपेच्या ड्रॉइंगमध्ये सारखे बदल येत होते. प्रत्येक बदलाला नवं शीट. ती सगळी शीटं एकावर एक ठेवून काका अंगठ्याने भराभर सोडत होते, तर झडप उघडली. पुन्हा सोडली, पुन्हा उघडली. ते तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, “साहेब, झडप चालायला लागली!” साहेबांना वाटलं, खाली प्लांटमध्ये चालायला लागली. त्यांनी खाली फोन लावला, खालच्यांनी आणखी कुणाला लावला, आणि दोन तास अख्खा विभाग त्या झडपेभोवती उभा राहिला. “मी मात्र वर टेबलावर एकटा ती उघडत होतो,” काका म्हणायचे, “आणि बंद करत होतो.”

निवृत्तीनंतर त्यांनी कॉलनीच्या सामुदायिक भवनात हा महोत्सव सुरू केला. जानेवारी संपता संपता तीन दिवस. सकाळी मुलांची आणि मोठ्यांची कार्यशाळा, दुपारी लघुपट, संध्याकाळी एक मोठा चित्रपट. लघुपट कुठून कुठून यायचे. काका ओळखदेख नसलेल्या माणसांना पत्रं लिहायचे आणि ती माणसं आपल्या फिल्म पाठवायची. कुठल्याशा थंड देशातून एक फिल्म आली होती, तिच्यात मातीचा एक म्हातारा होता आणि त्याचं नाक सारखं गळून पडायचं. तो ते प्रत्येक वेळी उचलून लावायचा, आणि दरवेळी थोडं वाकडं लावायचा. शेवटी त्याला बायको ओळखेना. संवाद एकही नव्हता. आमच्या भवनात ती फिल्म संपल्यावर कारखान्यातून निवृत्त झालेले सगळे फोरमन आपापलं नाक चाचपत उठले.

महोत्सव समितीचे सचिव वर्माजी, आमचे शेजारी, भला माणूस. ते याला ‘कार्टून मेला’ म्हणायचे. मी दरवेळी दुरुस्त करायची. काकांनी कधीच केलं नाही. चूक दुरुस्त करणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं, आणि आता मी जे सांगणार आहे ते सगळं त्या एका गोष्टीभोवती फिरतं.

त्या रिकाम्या तासात एक टेबल असायचं. ते काकूंचं जेवणाचं टेबल होतं. काकांनी त्याच्या मधोमध चौकोन कापून काच बसवली होती आणि खाली दिवा लावला होता. काचेच्या कडेला दोन खुंट्या. भोकं पाडलेला ट्रेसिंग पेपर त्या खुंट्यांत अडकवायचा, खालचं आधीचं चित्र उजेडात दिसायचं, त्यावरून पुढचं काढायचं, पण अगदी तसंच नाही, केसभर पुढे सरकलेलं. अशी सेकंदाला बारा चित्रं लागतात. काकांनी पहिल्या वर्षी एक बाई काढली, नऊवारी नाही, साधी पाचवारी, हातात कापडी पिशवी, आणि ती चालायला लागली. ज्याला वाटेल त्याने खुर्चीत बसावं, बाईला एक चित्र पुढे न्यावं आणि उठावं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळी चित्रं जोडून पडद्यावर दाखवायची. पुढच्या वर्षी बाई तिथूनच पुढे. तिला नाव नव्हतं. आम्ही सगळे ‘बाई’ म्हणायचो. काकू ‘सवत’ म्हणायच्या.

“माझ्या जेवायच्या टेबलाला भोक पाडलं,” काकू सगळ्यांना सांगायच्या, “आणि त्यातून ही सवत बाहेर काढली. विचारा, तिला चहा हवाय का.”

काकूंनी स्वतः कधी एक रेष काढली नाही. “घरात रोज तिचंच तोंड बघते, इथे अजून काढू?” त्या पोह्यांचं बघायच्या. पोहे खाऊन लोक तसेच टेबलावर बसायचे आणि चित्राला हळदीची बोटं लागायची. मी दारावर कागद लावला होता, ‘पोहे बाहर, चित्र अंदर’. तरी डाग पडायचेच. काका तो डाग पडलेला चित्राचा कागद टाकून द्यायचे नाहीत. डाग पडला की त्याच्या पुढच्या चित्रांत त्याच जागी ते एक पिवळं फुलपाखरू काढायला लावायचे, ते बाईच्या डोक्यावरून उडून जायचं. पडद्यावर बघणाऱ्याला वाटायचं, काय सुंदर कल्पना आहे.

“खोडायचं नाही,” ते म्हणायचे. “चूक झाली तर झाली. पुढच्या चित्राने तिला उत्तर द्यायचं.”

माझ्या पर्समध्ये खोडरबर कायम असतो, आजही. त्यामुळे हे वाक्य ते माझ्याकडे बघून म्हणायचे.

बाई कुणासारखी चालते यावर कॉलनीत पुष्कळ वाद व्हायचे. खरं म्हणजे ती सगळ्यांसारखी चालायची. काका येईल त्याला म्हणायचे, “जरा चालून दाखवा.” माझ्याकडून त्यांनी पिशवी घेतलेल्या हाताचं कोपर घेतलं, ते म्हणे बाहेर येतं, वाट काढत जाणाऱ्या माणसासारखं. काकूंकडून मान घेतली. आणि टाच घेतली करोंदच्या मंडीतून.

ते मुद्दाम तिकडे जायचे, कारण त्यांच्या मते हातात ओझं असलं की माणूस खरं चालतो. एकदा काकूंबरोबर कांदे घ्यायला गेले आणि एका बाईच्या मागे मागे निघाले. डोक्यावर टोपली, भराभर चाललेली. मंडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. शेवटी ती गर्रकन वळली.

“क्यों अंकल, कब से पीछे-पीछे आ रहे हो?”

काकांनी खरं ते सांगितलं. “बहनजी, आपकी एड़ी देख रहा हूँ.”

मग जे व्हायचं तेच झालं. माणसं जमली. कुणीतरी काकांची कॉलर धरली. तेवढ्यात काकू कांद्याची पिशवी सावरत गर्दीत घुसल्या आणि त्या बाईला म्हणाल्या, “छोड़ दो बहन. ये मेरी भी एड़ी ही देखते हैं. चालीस साल हो गए, मुँह तो अभी तक देखा नहीं.”

ती बाई इतकी हसली की तिला टोपली खाली ठेवावी लागली. आणि काकांनी काय करावं? “बहनजी, एक बार और चल के दिखाइए,” म्हणाले. तिने चालून दाखवलं, सगळ्या मंडीसमोर. ती टाच अजून आमच्या बाईच्या पायात आहे.

आता साहेबांच्या सहीबद्दल सांगते.

एका वर्षी उद्घाटनाला एक मोठे अधिकारी आले होते. वर्माजींना दीपप्रज्वलन हवं होतं, समई आणूनही ठेवली होती. काका म्हणाले, “दिवा लावलेलाच आहे, टेबलाखाली. साहेबांनी फक्त चित्र काढायचं.” साहेबांनी कोट काढला, बाह्या वर केल्या आणि मन लावून बाईचं एक चित्र काढलं. चांगलं काढलं. मग फोटोवाल्यांसाठी तो कागद खुंट्यांतून काढून हातात धरला आणि खाली ऐटदार सही केली. टाळ्या झाल्या, साहेब गेले.

संध्याकाळी मी चित्रं क्रमाने लावायला घेतली तेव्हा लक्षात आलं, साहेबांनी कागद उलटा धरून मागच्या बाजूला सही केली होती. ट्रेसिंग पेपर, दोन्हीकडून सारखाच दिसतो. सही सरळ वाचता येईल असा कागद लावला तर बाई उलट्या दिशेला जात होती. बाई सरळ लावली तर साहेबांची सही उलटी होत होती.

वर्माजींना घाम फुटला. “साइन उल्टा कैसे दिखाएँगे? समापन में साहब फिर आ रहे हैं!”

मी म्हटलं, सोपं आहे, कागद बाईच्या बाजूने लावू आणि फोटो काढल्यावर सही कॉम्प्युटरवर पुसून टाकू.

“साहब का साइन मिटाओगी?” वर्माजी म्हणाले.

काका इतका वेळ कागद उजेडाकडे धरून बघत होते. “त्यांनी दिलाय तसाच लागेल,” म्हणाले. “सही सरळ.”

“अहो काका, पण बाई मागे जाते आहे!”

“जात नाहीये. बघते आहे.”

दुसऱ्या दिवशी त्या रिकाम्या तासात त्यांनी टेबलावर येणाऱ्या प्रत्येकाला थोडं थोडं सांगितलं. याने मान वळव, त्याने खांदा, पुढच्याने पिशवी या हातातून त्या हातात घे. साहेबांच्या चित्राच्या आधी आणि नंतर अशी पुष्कळ चित्रं झाली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पडद्यावर बाई नेहमीसारखी चालत आली. इतकी वर्षं ती फक्त पुढे चालली होती. पडद्याच्या मधोमध आल्यावर ती थांबली, वळली, आणि आली होती त्या दिशेला बघत राहिली. साहेबांचं चित्र काकांनी पडद्यावर बराच वेळ धरून ठेवलं होतं. सही छान दिसत होती. तिच्याकडे कुणी बघितलं नाही.

मग मागच्या रांगेतून कुणीतरी आजोबा हळूच म्हणाले, “नागपूरकडे बघून राहिली.”

“गॅस चालू राहिला असेल,” काकू मोठ्याने म्हणाल्या.

सगळे हसले. मीही हसले, पण माझ्या डोळ्यांपुढे माझी आई होती. मे महिन्याची सुट्टी संपवून आम्ही आजोळहून निघालो की ती रिक्षात मागे वळून बसायची, कोपरा येईपर्यंत. मग पुढे तोंड करून म्हणायची, तिकिटं कुणाकडे आहेत? पडद्यावर बाईसुद्धा वळली आणि चालायला लागली. समोरच्या रांगेत साहेबांनी रुमाल काढला होता. वर्माजींना वाटलं, सर्दी झाली असेल.

त्या वर्षानंतर मी ‘कुछ नहीं’ विषयी विचारायचं सोडून दिलं.

दर वर्षीचं शेवटचं चित्र मात्र काका स्वतः काढायचे. त्यात बाईचा एक पाय कायम उचललेला असायचा. टाच वर, बोटं खाली यायच्या बेतात. मी एकदा म्हटलं, “काका, निदान पाऊल पूर्ण तरी होऊ द्या. वर्षभर बिचारी एका पायावर.”

“दोन्ही पाय जमिनीवर आले की लोक घरी जातात,” काका म्हणाले. “एक वर असला की परत येतात.”

आणि लगेच, “तुझं चित्र राहिलंय, टाइमटेबल मॅडम.”

मी म्हणायची, पुढच्या वर्षी. खरंच वेळ नसायचा. कुणाची फिल्म उघडत नसायची, कुणाचे पाहुणे स्टेशनवर उभे असायचे. ते हात हलवायचे, राहू दे, बाई कुठे पळून चालली आहे.

मग त्यांचा हात थरथरायला लागला. आधी चहाच्या कपात दिसलं, मग रेषेत. ज्या माणसाने आयुष्यभर पट्टी न लावता सरळ रेष काढली, त्याची रेष तारेसारखी हलायला लागली. त्या वर्षी त्यांनी काढलेल्या चित्रांत बाईच्या पदराची कड वेडीवाकडी आली. काकांनी चष्मा वर करून तिच्याकडे बघितलं आणि टेबलापाशी उभ्या असलेल्यांना सांगितलं, “वारा सुटलाय. पदर उडवा.” पुढच्या प्रत्येकाने पदर उडवला. मग कुणी केसांची बट काढली, कुणी मागे एक झाड वाकवलं. त्या वर्षीचा बाईचा वारा अजून कॉलनीत सगळ्यांना आठवतो. मला त्यांचा हात आठवतो, दुसऱ्या हाताने मनगटाशी धरलेला.

शेवटचं चित्र त्यांनी त्या वर्षीही काढलं. उडता पदर, बाहेर आलेलं कोपर, एक पाय उचललेला. दिवाळीच्या आधी काका गेले.

डिसेंबरात समितीची बैठक झाली. पत्रिका करायला मीच होते. वर्माजींनी श्रद्धांजली सत्र सुचवलं, ते लिहिलं. मोठा फोटो, हार, ते लिहिलं. मग ते म्हणाले, “मैडम, इंदौर में एक स्टूडियो है. वो बाई को कम्प्यूटर से पूरा कर देगा. बाई चलते-चलते घर पहुँच जाए, और दरवाज़े पर सर खड़े हों. बस, वहीं समाप्त. सब रो देंगे.”

कल्पना वाईट नव्हती. सगळे रडले असते, मी पहिली. पण ‘समाप्त’ हा शब्द मला लिहिता येईना. मी म्हटलं, बाई आपण चालवायची, टेबलावर, नेहमीसारखी. वर्माजी म्हणाले, चलाए कौन? आखरी शीट तो भाभीजी के पास है. ते खरं होतं. शेवटच्या चित्राचा फोटो होता माझ्याकडे, प्रिंट काढून खुंट्यांना लावता आली असती. पण काकूंना न विचारता ते करणं म्हणजे त्यांच्या घरात चप्पल घालून शिरणं झालं असतं. शेवटी असं ठरलं, दुसऱ्या दिवसाच्या चारपर्यंत बाई टेबलावर पुढे सरकली तर ठीक, नाही तर शेवटच्या संध्याकाळी स्टुडिओची फिल्म. वर्माजींनी स्टुडिओला काम देऊनही टाकलं. त्यांच्या जागी मी असते तरी तेच केलं असतं.

मी काकूंकडे गेले. अवधपुरीतलं ते घर मला पाठ आहे, तरी दारात थांबले. समोरच्या खिडकीच्या काचेवर ते शीट चिकटवलेलं होतं. मागून ऊन येत होतं आणि बाई खिडकीत चालत होती, म्हणजे चालायच्या बेतात होती. काकू तिच्यासमोर खुर्ची टाकून चहा पीत होत्या.

“ये. बस. आम्ही दोघी चहा घेऊन राहिलो.”

मी कामाचं बोलले. मला दुसरं येत नाही. महोत्सव, टेबल, शीट, वर्माजी, स्टुडिओ.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. “मुलगी म्हणते पुण्याला चल,” त्या म्हणाल्या. “आयुष्यभर मी म्हटलं नागपूरला चला, ती म्हणते पुण्याला. कुठेही गेले तरी हिचं काय करायचं, सांग. खिडकीच्या काचेवर लावलं तिला यांनीच. तिचा पाय वर आहे ना, तोवर मला वाटतं, हे आतल्या खोलीत पेन्सिल शोधून राहिले. तू पाय टेकवशील, आणि संपलं.”

मी कप विसळून ठेवले आणि निघाले. घरी आल्यावर यादी काढली. ‘काकू – शीट’ या ओळीपुढे बरोबरची खूण करता येईना आणि ओळ खोडताही येईना. तशीच ठेवली.

महोत्सव सुरू झाला. सगळं वेळेवर झालं, इतकं की मला कसंतरी वाटलं. कुणी तीन ते चारबद्दल विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तीन वाजता टेबल मांडलं, दिवा लावला. खुंट्या मोकळ्या. चार-सहा माणसं सवयीने आली, उजळलेल्या काचेकडे बघून उभी राहिली. पाऊण तास गेला. वर्माजी माझ्या शेजारी उभे होते, घड्याळाकडे बघत नव्हते, हे त्यांचं सौजन्य.

काकू दारातून आल्या तेव्हा त्यांच्या हातात कापडी पिशवी होती आणि तिच्यातून गुंडाळलेलं शीट वर आलं होतं. मला क्षणभर बाईच आल्यासारखं वाटलं.

“वर्माजी,” त्या आल्या आल्या म्हणाल्या, “ये दरवाज़े पर खड़े होंगे, ऐसा बोले न आप?”

“जी भाभीजी, वो… एक आइडिया था.”

“पूरी ज़िंदगी में ये आदमी टाइम पर दरवाज़े पर खड़ा नहीं हुआ. बेचारी घर पहुँचेगी, बेल बजाती रहेगी.” मग माझ्याकडे वळून, “सरक गं. बसू दे.”

त्या खुर्चीत बसल्या. त्यांच्याच जेवणाच्या टेबलापाशी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी शीट खुंट्यांत अडकवलं, वर कोरा कागद ठेवला. काकूंनी पेन्सिल पोळीच्या उलथन्यासारखी धरली. कोपर गिरवलं, मान गिरवली, उडता पदर गिरवला. जीभ दातांत धरली होती. सगळ्यात शेवटी पाय. टाच खाली आणायची होती, त्यांनी आणली, आणि मध्येच हात थांबला. थोडा वेळ पेन्सिल कागदावर नुसती टेकलेली राहिली. मग त्यांनी तिथेच पाऊल आडवं काढलं आणि पेन्सिल खाली ठेवली.

पाऊल टेकलं होतं, पण जमिनीवर नाही. रस्त्याची रेघ खाली राहिली होती. बाई हवेत उभी होती, वीतभर वर.

“मैडम,” वर्माजी माझ्या कानाशी म्हणाले, “पैर तो ऊपर ही रह गया.”

काकूंनीही बघितलं. “चुकलं का गं?” त्यांनी विचारलं. आवाज लहान झाला होता. “कधी काढलं नाही ना मी. तुझ्याकडे रबर असतो, दे, पुसते.”

खोडरबर पर्समध्येच होता. पर्स खांद्यावर होती.

“उठा काकू,” मी म्हटलं. “माझं चित्र राहिलंय.”

मी बसले. कोरा कागद खुंट्यांत घातला. खालून उजेड आला आणि त्यात एकावर एक दोघांच्या रेषा दिसल्या, काकांची थरथरती, काकूंची दाबून काढलेली. मी बाई गिरवली. मला चित्रकला येत नाही, पण गिरवता येतं. पाऊल काकूंनी ठेवलं होतं तिथेच ठेवलं. मग त्या पावलाच्या खाली एक आडवी रेघ काढली, तिच्या टोकापासून खाली रस्त्यापर्यंत एक उभी.

काकू माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. “काय करून राहिली?”

“पायरी.”

“पायरी? कसली? कुणाच्या घराची?”

“मला काय माहीत,” मी म्हटलं. “पुढचा बघेल.”

आणि उठून मी वर्माजींना खुर्ची दिली.